उलट्या होडीखाली दोन व्याही

मी बार्शीचा. मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवण्यात उभं आयुष्य गेलं. पाणी म्हणजे माझ्या लेखी बोअरमधून वर ओढायची वस्तू. जळालेली मोटर घेऊन गिऱ्हाईक दुकानात येतं तेव्हा त्याचं पाणी थांबलेलं असतं आणि डोकं तापलेलं असतं, एवढाच माझा पाण्याशी संबंध. माणसं सुट्टी काढून पाण्यावर खेळायला जातात हे ऐकून होतो, पण ते कधी पटलं नव्हतं.

गेल्या फेब्रुवारीत मी कर्जतकडं जाऊन आलो. परतल्यापासून सकाळी बरोबर फिरणारे मित्र विचारतात, "कसा काय झाला प्रवास?" दर वेळी मी एखादा तुकडा सांगतो आणि मधेच थांबतो. एकदा सगळं सरळ लिहून काढावं, म्हणून बसलो आहे.

शिळफाटा

खोपोलीच्या शिळफाट्यावर एसटीतून उतरलो. समोर घाटाचा डोंगर भिंतीसारखा उभा. आमच्याकडं नजर जाईल तिथवर जमीन सपाट. इथं मान वर करावी तेव्हा आभाळ दिसतं. मी पिशव्या सांभाळत जावयाला शोधत होतो, तेवढ्यात एका धुळकट पिकअप टेंपोनं माझ्यापाशी ब्रेक मारला आणि चालवणाऱ्या बाईनं खिडकीतून हाक मारली, "बाबा! चढा लवकर, मागून ट्रक येतोय."

ती माझी मुलगी होती.

मुक्ता पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअर होती. तिथंच कामावर असलेल्या नीलेशशी तिनं लग्न केलं. मुलगा कर्जतकडचा, भातशेती करणाऱ्या घरातला, आमच्या जातीचा नव्हे. ते आम्ही नवराबायकोनं हळूहळू गिळलं. मात्र दोन वर्षांत दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि नीलेशच्या वडिलांच्या जमिनीवर, धरणाच्या काठाला, तंबू टाकून पाहुणे ठेवायला लागले, ते काही केल्या घशाखाली उतरेना. नीलेशनं फोन करून आम्हाला बोलावलं होतं, पण सुशीला, म्हणजे माझी बायको, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं येऊ शकत नव्हती. नाहीतर तीच आली असती, मुलीला समजावून परत नोकरीला लावायला. ते काम माझ्याकडं आलं होतं.

टेंपोत बसल्यावर मी मुक्ताचे हात पाहिले. तळव्याला घट्टे, मनगटापर्यंत रंग रापलेला. गिअर टाकताना तिचं सगळं लक्ष रस्त्यावर होतं आणि तोंड सारखं चालू होतं. बोलायचं ते सगळं बार्शीहून पाठ करून आणलं होतं, पण टेंपो चालवणाऱ्या मुलीपुढं त्यातलं पहिलं वाक्यच आठवेना.

दहिवली

व्याह्यांचं घर दहिवलीत, कर्जतला लागूनच. व्याही जनार्दनभाऊ अंगणात उभे होते. लग्नानंतर आम्ही मोजक्या वेळा भेटलेलो, आणि दर वेळी दोघंही नवी टोपी घालून बसल्यासारखे अवघडलेले. मी बसल्याशिवाय ते बसेनात, ते बसल्याशिवाय मला बसवेना.

"बसा पाव्हणं."

"तुम्ही बसा की आधी."

शेवटी विहीणबाई आतून ओरडल्या, "अवो बसा आता दोगंबी! पाय दुखतील."

आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही आणि त्यांच्याकडं सुकटीवाचून जेवण पूर्ण होत नाही. ताट आलं आणि मी चाट पडलो. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, वालाचं बिरडं, कैरीचं लोणचं. विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी येगळी चूल मांडलीय मागच्या दारी. भांडीबी नवी हायेत." मी नेलेली शेंगाचटणी आणि ज्वारीच्या कडक भाकरी त्यांनी फार कौतुकानं उघडल्या. जनार्दनभाऊंनी कडक भाकरीचा तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "दात असलेल्या मान्साचं अन्न हाय."

जेवल्यावर मी विषय काढायला सुरुवात केली. "मुक्ताचं शिक्षण बघता…" एवढंच म्हणालो. जनार्दनभाऊंनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि उठून बैलाला पाणी दाखवायला गेले. मला वाईट वाटलं आणि रागही आला. माणूस पोरीला राबवून घेतोय आणि बोलूही देत नाही, असं त्या वेळी माझ्या मनात आलं, ते इथं लिहायलाच हवं.

धरणावर

दुसऱ्या दिवशी सगळे धरणावर गेलो. दहिवलीहून आत डोंगराच्या पायथ्यापर्यंत रस्ता जातो, मग कच्चा होतो, आणि एका वळणावर झाडी संपून एकदम पाणी समोर येतं.

मी टेंपोतून उतरलो आणि तसाच उभा राहिलो. इतकं पाणी, इतकं शांत, आणि त्याला पाइप नाही, मोटर नाही, रांग नाही. पलीकडं काळा उभा कडा थेट पाण्यात उतरलेला. काठानं पानं गळालेल्या काटेसावरी लाल फुलांनी पेटलेल्या. एक बाई लाइफ जॅकेट घालून पाण्यावर नुसती उताणी पडली होती, पोहत नव्हती, काही नाही, पडलेली. आणि काठावर उभा राहून एक तरुण विकतच्या बाटलीतल्या पाण्यानं पायाचा चिखल धूत होता. समोर अख्खं धरण होतं. मी त्याच्याकडं इतका वेळ बघत राहिलो की त्यानं मला विचारलं, "काका, पाणी पाहिजे का?"

मुक्ता मात्र मला आणखी अनोळखी वाटायला लागली. तिच्या गळ्यात शिट्टी होती. तिनं ती फुंकली की वीस-पंचवीस माणसं, तिच्यापेक्षा मोठी आणि चांगली पगारदार, मुकाट्यानं होड्या काठाला आणत. एकानं स्पीकर काढला. ती त्याच्यापाशी गेली आणि कड्याकडं बोट दाखवून म्हणाली, "तिथं आग्या मोहोळं आहेत. इथं गाणी नाहीत, अत्तर नाही, ड्रोन नाही. जमत नसेल तर दुसरीकडं चांगली जागा आहे, मी पत्ता देते." तो स्पीकर गुपचूप पिशवीत गेला.

तेव्हा मी कडा नीट पाहिला. वरच्या कपारीखाली काळसर, सुपाएवढ्या चकत्या लोंबत होत्या. मला ते दगडावरचे ओलीचे डाग वाटले होते. सगळ्या जिवंत माश्या होत्या.

काठापासून मागं शेतात पोपटीची तयारी चालली होती. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून वालाच्या शेंगा आणि बाकीचं काय काय भरायचं, मडकं उपडं करून वर जाळ करायचा. माझ्यासाठी नुसत्या शेंगांचं वेगळं मडकं होतं. नीलेश पाहुण्यांसाठी बर्फ आणायला टेंपो घेऊन कर्जतला गेला होता.

"बाबा, होडीत बसून तर बघा," मुक्ता म्हणाली.

"मला पोहता येत नाही."

"जॅकेट असतं. आणि आमचे भाऊ आहेत की बरोबर."

नाही म्हणायचं कसं, समोर व्याही उभे. त्यांनाही नाही म्हणता येईना, समोर मी उभा. अशा रीतीनं दोन म्हातारे केशरी जॅकेटं चढवून एका उघड्या हलक्या होडीत समोरासमोर बसले. जनार्दनभाऊ वल्हवत होते. आम्ही पाण्याच्या मधोमध आलो होतो. मी मनाशी ठरवलं, इथं हे उठून बैलाकडं जाऊ शकत नाहीत. आता विषय काढतो.

तेवढ्यात काठावरून मुक्ताची शिट्टी वाजली. एकदा नव्हे, थांबेचना.

वळून पाहिलं तर माणसं धावत होती. कुणी टॉवेल फिरवत होतं, कुणी जमिनीवर लोळत होतं. मुक्ता एकेकाला धरून तंबूत ढकलत होती आणि तंबूची चेन ओढत होती. काय झालं ते मला कळेना. मग एक मोठा, भरलेला, दुकानात मोटर जळायच्या आधी येतो तसा आवाज कानावर आला आणि कड्यापासून आमच्या दिशेनं हवेचा एक पट्टा काळा झालेला दिसला.

"आग्या उठला! डोकं खाली घाला!" जनार्दनभाऊ ओरडले.

पहिली माशी कपाळावर बसली. तापलेली सळई टेकावी तसं झालं. मग मानेवर, कानात, पापणीवर. ते म्हणत होते "हलू नका", आणि मी उभा राहिलो. होडीत उभं राहायचं नसतं हे मला कोण सांगणार? सगळं गरकन फिरलं आणि मी पाण्यात गेलो.

होडीखाली

नाकातोंडात पाणी गेलं. मेलो, असं स्पष्ट वाटलं. जॅकेटनं वर उचललं आणि डोकं कशावर तरी आपटलं. डोळे उघडले तर हिरवट अंधार होता आणि मला श्वास घेता येत होता. होडी आमच्यावर उलटी झाली होती. तिच्या पोटात हवा अडकली होती आणि त्या हवेत माझं डोकं वर आलं होतं. समोर हातभर अंतरावर दुसरं डोकं होतं, जनार्दनभाऊंचं. त्यांनी एका हातानं होडीची आडवी पट्टी आणि दुसऱ्या हातानं माझ्या जॅकेटचा पट्टा धरला होता.

वर होडीच्या तळावर माश्या आदळत होत्या. पत्र्यावर बारीक खडे टाकावेत तसा आवाज. दोन-चार माश्या आमच्याबरोबर आत आल्या होत्या, त्या आम्ही ओल्या हातांनी मारल्या. एक त्यांच्या ओठावर डसली. मी ती ओढून काढली. काल ज्यांच्यापुढं बसायला लाजत होतो, त्यांच्या ओठाला मी बोटं लावत होतो.

"तुम्हाला पोहता येतं?" मी विचारलं.

"पवतो की."

"मग बुडी मारून जा ना तुम्ही. दोघांनी कशाला…"

"गप ऱ्हावा. पाव्हण्याला धरणात सोडून गेलो म्हनून गावात सांगू काय?"

आणि तिथंच, जे काल ओसरीवर बोलता आलं नाही ते मी बोलून गेलो. "भाऊ, मी मुक्ताला न्यायला आलोय. परत नोकरीला लावायला."

"माहीत हाय मला," ते म्हणाले. "तुमाला बोलवून घे म्हनून निल्याला मीच सांगितलं."

"तुम्ही?"

"मंग? मी म्हनलं, बापाचं तरी ऐकंल. दोगांचे पगार चांगले. मी जल्मभर भातात वाकलो, आता पोरांनी पंख्याखाली बसावं ना? माझं नाय ऐकत. 'भाऊ, तुमी नका बोलू' म्हन्ती. काल तुमी इषय काढलात, मला हसूच येईल म्हनून बैलाकडं गेलो."

ज्या माणसाविरुद्ध भांडायला आलो होतो, तो माझ्याच बाजूनं बसलेला निघाला, आणि दोघांच्या नाकापर्यंत पाणी.

मग बाहेरून आवाज आला. आधी वल्ह्याचा, मग मुक्ताचा. "बाबा! भाऊ! आत आहात का?"

बाहेर अजून खडे पडल्यासारखा आवाज चालू होता आणि त्यात ती होती. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "मुक्ता, परत जा! जा म्हणतो ना!"

होडीच्या टोकाला काहीतरी बांधल्याचा धक्का बसला, आणि आमचं छप्पर सरकायला लागलं. आम्ही पट्टीला लोंबकळत मागं ओढले जाऊ लागलो. मी ओरडतच होतो. जा, मुली, जा.

"पाय हलवा बाबा!" ती बाहेरून ओरडली. "नुसते बोलू नका, पाय हलवा!"

मी पाय हलवले. जनार्दनभाऊही हलवायला लागले. वर आदळणाऱ्या माश्या हळूहळू विरळ झाल्या, मग थांबल्या. पायांना चिखल लागला. आम्ही होडी उचलून बाहेर आलो, तर धरणाच्या भिंतीकडच्या टोकाला होतो, कड्यापासून शक्य तेवढ्या लांब.

मुक्ता तिच्या होडीत बसली होती. अंगावर ओली गोधडी. तिनं ती डोक्यावरून बाजूला केली आणि मी दोन पावलं मागं सरकलो. डोळे दिसत नव्हते. चेहरा होता, पण तो माझ्या मुलीचा नव्हता. मानेवर, हातांवर गांधी उठल्या होत्या.

"किती चावल्या गं?" जनार्दनभाऊ म्हणाले.

ती काहीतरी म्हणाली. आवाज घोगरा, ओळखू न येणारा. तिनं गळ्याला हात लावला, आणि होडीतून उतरता उतरता खाली बसली. मग आडवी झाली.

कर्जत

नीलेशचा टेंपो धरणाच्या रस्त्यावर दिसला, हे आमचं नशीब. तिला उचलून टेंपोत ठेवलं. मागं बर्फाच्या लाद्या होत्या, त्यांवर गोणपाट टाकून मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. तिचे ओठ निळे पडत होते आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. जनार्दनभाऊ सगळा रस्ता तिला हाका मारत होते. "मुक्ते, ए मुक्ते, झोपू नको गं. बोल काय तरी. शिव्या दे मला." मी नुसता तिच्या केसांत रुतलेले माश्यांचे काटे नखानं खरवडून काढत होतो, एकामागून एक.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिला बघताक्षणी मांडीत इंजेक्शन दिलं, प्राणवायू लावला, सलाइन चढवलं. आम्हाला बाहेर काढलं. बाकड्यावर आम्ही दोन व्याही ओल्या कपड्यांत, अजून केशरी जॅकेटं घातलेले, सुजलेल्या तोंडांचे. येणारी-जाणारी माणसं बघून पुढं जात होती. कुणीतरी चहा आणून दिला. जनार्दनभाऊंना ओठ सुजल्यामुळं पिता येईना, सगळा अंगावर सांडला, आणि ते एकदम रडायला लागले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. "वाचली. रात्रभर इथंच राहील. पण ऐका. तिच्या अंगाला आता हे विष बाधतं. पुढच्या वेळी एक माशी चावली तरी असं होऊ शकतं."

पाहुण्यांपैकी काही जणांना थोडंफार चावलं होतं, पण तंबूंमुळं सगळे धड होते. दवाखान्याच्या दारात त्यांच्यात वाद चालला होता. कुणी पोपटीच्या धुराला दोष देत होतं, कुणी चोरून ड्रोन उडवल्याचा संशय घेत होतं. धरणाकडचा एक गुराखी म्हणाला, घारीसारख्या पाखरानं पोळ्यावर झडप घातलेली त्यानं पाहिली. खरं काय ते मला आजही माहीत नाही.

सकाळी मुक्ताचा एक डोळा किलकिला उघडला. मी शेजारी होतो. मनात आलं, आता बोलायची गरजच उरली नाही. डॉक्टरांनीच माझं काम केलं होतं. सासरा माझ्या बाजूनं, नवरा घाबरलेला, तिला बार्शीला न्यायला कुणाचीही ना नव्हती. मी जिंकलो होतो, आणि मला स्वतःची किळस आली.

"बाबा," ती म्हणाली, "बाकीची माणसं?"

"सगळी बरी आहेत."

"तंबू कड्याच्या फार जवळ टाकले होते. चुकलंच माझं. माश्या उन्हाळ्याच्या शेवटी जातात. तोवर बंद ठेवायचं. नंतर भिंतीकडच्या टोकाला जागा करायची. भाऊंची तिथं पण जमीन आहे. इंजेक्शन जवळ ठेवायचं आणि ते द्यायला सगळ्यांनी शिकायचं. तुम्ही पण."

"आणि माश्या पुन्हा आल्या की?"

"मोहोळं असतील तेवढे महिने मी दहिवलीला बसून बुकिंग बघीन. काठावर नीलेश जाईल." तिचा आवाज पडला. हे बोलणं तिला जड जात होतं. "एवढं मी ऐकीन बाबा. याच्याहून जास्त काही नका सांगू."

मी काही सांगितलं नाही. भीती गेली म्हणून नव्हे. भीती तेव्हाही होती आणि आत्ता लिहितानाही आहे. पण होडीखालून ऐकलेला तो आवाज, पाय हलवा म्हणणारा, त्याला कुठल्या तोंडानं सांगणार की घरी चल?

आणखी चार दिवस दहिवलीत राहिलो. नर्सताईंनी संत्र्यावर सुई टोचून आम्हाला इंजेक्शन द्यायला शिकवलं. जनार्दनभाऊंचा हात माझ्यापेक्षा स्थिर. आता आम्ही एकमेकांना "बसा" म्हणत नाही, आपापले बसतो. निघायच्या दिवशी मी मागच्या दारची वेगळी चूल मोडायला लावली. सुकट खाल्ली नाही, तेवढं जमलं नाही. पण त्यांच्याच चुलीवरची भाकरी त्यांच्याच तव्यावरून उतरवून खाल्ली, आणि विहीणबाई माझ्याकडं बघत राहिल्या.

सुशीलाला मी फोनवर थोड्या माश्या चावल्या एवढंच सांगितलं होतं. बार्शीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. काठीचा आधार घेत तिनं दार उघडलं. माझं सुजलेलं कपाळ, काळवंडलेली पापणी पाहिली आणि तोंडावर हात ठेवला. मग माझ्या खांद्यावरून मागं, रिकाम्या रस्त्याकडं बघितलं.

"मुक्ता कुठंय?"

"कामावर आहे," मी म्हणालो, आणि आत जाऊन तिला सगळं सांगायला बसलो.